'स्त्री' शब्दाचा निवाडा आणि ब्रिटिश वृत्तपत्रे

कायद्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने सांगावा यात नवल ते काय? न्यायालयांचे ते नित्याचेच काम आहे. परंतु १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातील पाच न्यायमूर्तींनी एकमताने ज्या शब्दाचा अर्थ सांगितला तो 'स्त्री' हा शब्द होता, आणि त्या दिवशी त्या देशात जो गदारोळ उसळला तो त्या एका निकालाने शमण्यासारखा नव्हता. २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री', 'पुरुष' आणि 'लिंग' हे शब्द शरीराच्या लिंगाला अनुलक्षून योजिलेले आहेत. जन्मतः पुरुष असलेल्या व्यक्तीजवळ आपण स्त्री असल्याचे सरकारी प्रमाणपत्र असले, तरी या कायद्यापुरती ती 'स्त्री' या संज्ञेत मोडत नाही, असा हा निर्णय आहे. तो वाचून दाखविताना न्या. लॉर्ड हॉज यांनी, हा एका वर्गाचा दुसऱ्या वर्गावरील विजय समजू नये, असे बजाविले होते. त्यांचे शब्द हवेत विरतात न विरतात तोच न्यायालयाच्या दाराशी शँपेन उसळली. आणि तीनच दिवसांनी लंडनच्या पार्लमेंट चौकात हजारोंचा निषेध मेळावा भरून, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या मिलिसेंट फॉसेट यांच्या पुतळ्यावर घोषणा रंगविल्या गेल्या. न्यायमूर्तींचा उपदेश कोणीच मनावर घेतला नाही असे म्हणावे लागते.

प्रकरणाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००२ मध्ये गुडविन खटल्यात ब्रिटनला दोषी धरले. शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला धड स्त्री नाही, धड पुरुष नाही अशा मधल्या अवस्थेत कायद्याने लोंबकळत ठेवणे यापुढे चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यावरून २००४ चा कायदा झाला. वैद्यकीय निदान आणि दोन वर्षांचे तदनुरूप जीवन यांचा पुरावा देणाऱ्यास प्रमाणपत्र मिळू लागले. असे प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या सर्वोच्च न्यायालयासमोर आली ती ८,४६४. पुढे २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळाने सार्वजनिक मंडळांवर निम्म्या जागा स्त्रियांना मिळाव्यात असा कायदा केला, आणि त्या निम्म्यांत प्रमाणपत्रधारक पारलिंगी स्त्रियांनाही मोजावे असे तेथील सरकारने सांगितले. 'फॉर विमेन स्कॉटलंड' या संस्थेने त्याला हरकत घेतली. एडिंबरोतील दोन न्यायालयांनी २०२२ आणि २०२३ मध्ये सरकारचे म्हणणे उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले. मात्र पारलिंगी व्यक्तींना नोकरीत, दुकानात, रुग्णालयात भेदभावापासून जे संरक्षण त्याच कायद्याने दिले आहे ते अबाधित आहे, हेही त्याच निकालपत्रात स्वच्छ लिहिलेले आहे. ही दुसरी बाजू किती वृत्तपत्रांनी मथळ्यात घेतली, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा.

आमचा आजचा विषय न्यायालय हा नाही. तो आमचाच व्यवसाय आहे. गेली सात-आठ वर्षे ब्रिटनची वृत्तपत्रे आणि नभोवाणी या प्रश्नावर ज्या रीतीने वागली ती पाहता, लोकमत घडविणे म्हणजे काय याविषयी आम्हांस चिंता वाटू लागली आहे.

'गार्डियन' पत्राचेच उदाहरण घ्या. या पत्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये, हक्कांचा संघर्ष कोठे होतो याचा ऊहापोह करणारा एक संयत अग्रलेख लिहिला. दोनतीन आठवड्यांच्या आत त्याच पत्राच्या अमेरिकेतील वार्ताहरांनी त्याच पत्रात त्या अग्रलेखाचा जाहीर निषेध केला. संपादकीय मतभेद असावेत, ते छापलेही जावेत. त्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. परंतु मार्च २०२० मध्ये सुझान मूर या जुन्या स्तंभलेखिकेने स्त्रियांना आपल्या शरीराविषयी आणि हक्कांविषयी बोलू द्या अशा अर्थाचा लेख लिहिला, तेव्हा ३३८ सहकाऱ्यांनी सह्या करून संपादकांकडे तक्रार नेली. आणि नोव्हेंबरमध्ये त्या बाईंनी ते पत्र सोडले. लेखाला उत्तर लेखाने द्यावे, ही आमच्या व्यवसायातील जुनी रीत. तिच्या जागी सह्यांचे निवेदन आले की वाद संपतो. पण तो प्रश्न सुटून संपत नाही, माणसे गप्प बसून संपतो.

आणि माणसे गप्प बसलीच. माया फोर्स्टेटर या बाईंनी, लिंग बदलता येत नाही असे मत मांडल्यावरून काम गमावले. २०१९ मध्ये पहिल्या न्यायाधिकरणाने, असे मत लोकशाही समाजात आदरास पात्र नाही असे ठरविले! जून २०२१ मध्ये अपिलात ते फिरले, तोवर किती शिक्षिका, परिचारिका, समाजकार्यकर्त्या यांनी जिभेला कुलूप घातले असेल याची मोजदाद कोण करणार? मे २०२४ मध्ये एडिंबरोच्या न्यायाधिकरणापुढे एक प्रकरण निकाली निघाले. बलात्काराने पोळलेल्या स्त्रियांसाठी असलेल्या केंद्रात काम करणाऱ्या एका बाईंनी, मदतीस आलेल्या स्त्रीने समुपदेशक स्त्री आहे का असे विचारले तर तिला खरे उत्तर द्यावे, एवढेच सुचविले होते. त्यापायी त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. न्यायाधिकरणाने ती वागणूक बेकायदा ठरविली. ज्या स्त्रीवर पुरुषाने अत्याचार केला आहे तिने समोर कोण बसले आहे असे विचारणे यात द्वेष कसला आला? हा प्रश्न साध्या माणसाला सुचतो. तो उच्च विद्याविभूषित मंडळींना सुचला नाही, आणि ज्यांना सुचला त्यांनी तो उच्चारला नाही. मुलांच्या उपचारांची चौकशी करणाऱ्या डॉ. कॅस यांनीही एप्रिल २०२४ च्या अहवालात, वैद्यकक्षेत्रात अन्यत्र क्वचितच आढळेल अशी बोलण्याची धास्ती या विषयात दिसली, असे नोंदविले आहे.

बी. बी. सी. ची तऱ्हा याहून निराळी. 'स्टोनवॉल' या समलिंगी व पारलिंगी हक्कांच्या संस्थेने चालविलेल्या योजनेत ही महासंस्था पैसे भरून सामील झाली होती. म्हणजे ज्या वादाचे निःपक्षपाती वृत्त द्यावयाचे, त्यातील एका पक्षाकडून आपल्या वर्तनाचे प्रशस्तिपत्र घ्यावयाचे! ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्याच स्टीफन नोलन या वार्ताहराने हे चव्हाट्यावर आणल्यावर पुढील महिन्यात ती योजनेतून बाहेर पडली. पण मनाला लागलेली सवय अशी एका पत्राने सुटत नाही. जून २०२५ मध्ये मार्टिन क्रॉक्सॉल या वृत्तनिवेदिकेने समोरच्या संहितेतील 'गर्भवती व्यक्ती' हे शब्द वाचून लगेच 'स्त्रिया' अशी दुरुस्ती केली, आणि नोव्हेंबरमध्ये तिच्यावरील तक्रारी मान्य झाल्या; का, तर दुरुस्ती करताना तिच्या चेहऱ्यावर उमटलेल्या भावावरून तिचे मत कळले. आता निवेदकांच्या भुवयांसाठीही संहिता लिहावी लागणार असे दिसते. त्याच महिन्यात महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. त्याचे मुख्य कारण ट्रम्प यांच्या भाषणाची चुकीची जोडणी हे असले तरी, ज्या अंतर्गत टिपणामुळे तो स्फोट झाला त्यात पारलिंगी विषयावरील वृत्ते एकांगी झाल्याचा आक्षेपही होता.

हे वाचून जर कोणाची अशी समजूत झाली की दोष सारा उदारमतवादी पत्रांचा आणि दुसऱ्या बाजूची पत्रे सत्याची कैवारी ठरली, तर ती चूक होईल. त्या पत्रांनी केले ते निराळ्या अर्थाने अधिक क्रूर होते. इंग्लिश फुटबॉल संघटनेने १ जून २०२५ पासून स्त्रियांच्या सामन्यांत पारलिंगी स्त्रियांना मनाई केली. तेव्हा नोंदलेल्या अशा खेळाडू किती, तर तीसहूनही कमी. खेळातील शारीरिक सरशीचा मुद्दा खरा आहे आणि आमच्या मते तो निर्णायकही आहे. परंतु इतक्या थोड्या खेळाडूंचा प्रश्न हा राष्ट्रावरील संकट नव्हे. २०२३ च्या आरंभी बलात्काराच्या दोन गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या एका व्यक्तीस स्कॉटलंडमध्ये प्रथम स्त्रियांच्या तुरुंगात नेण्यात आले. तो प्रकार संतापजनक होता आणि तो उजेडात आणणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्यच होते. पुढे मात्र त्या एका छायाचित्राच्या आडून, कारकुनी करणाऱ्या, बस चालविणाऱ्या, निमूटपणे जगणाऱ्या हजारो माणसांकडे पाहावयाची सवय वाचकांना लावण्यात आली. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

याचा कळस ७ फेब्रुवारी २०२४ रोजी झाला. एका सोळा वर्षांच्या पारलिंगी मुलीचा वर्षापूर्वी निर्घृण खून झाला होता. तिची आई त्या दिवशी पार्लमेंटमध्ये आली होती. आणि त्याच दिवशी भर सभागृहात पंतप्रधान सुनक यांनी 'स्त्री म्हणजे काय' यावरून विरोधी नेत्याला कोपरखळी मारली. तो विनोद त्यांना नवा सुचला नव्हता. मथळ्यांत घोटून घोटून तो गुळगुळीत झालेला होता. विरोधी नेते स्टार्मर यांची कथाही फारशी शोभादायक नाही. पारलिंगी स्त्रिया या स्त्रियाच असून कायदाही तेच सांगतो, असे ते मार्च २०२२ मध्ये म्हणाले होते. पंतप्रधान झाल्यावर, निकालानंतर आठवडाभरात, ते मत त्यांचे आता राहिलेले नाही असे त्यांच्या प्रवक्त्याने सांगून टाकले. मत बदलण्यास हरकत नाही. पण मधल्या तीन वर्षांत त्या वाक्यावर विसंबून ज्यांनी आपले आयुष्य आखले त्यांना दोन शब्द समजुतीचे सांगावयास हवे होते.

येथे आम्हांस आमच्याच शहराच्या इतिहासातील एक गोष्ट आठवते. १८८४ पासून चार वर्षे मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला, तेव्हा मराठी पत्रांतून धर्म, शास्त्र, इंग्रजी कायदा यांवर रकानेच्या रकाने भरले गेले. 'केसरी' एका बाजूस, आगरकर दुसऱ्या बाजूस. जिच्या संसाराविषयी हे सारे चालले होते त्या बाईला मात्र आपली कैफियत १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने मांडावी लागली. ब्रिटनमधील वाद वाचताना आम्हांस राहून राहून हेच जाणवले. एका बाजूला स्त्रिया नाव लपवून लिहीत होत्या. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयात एकही पारलिंगी व्यक्ती आपले म्हणणे मांडू शकली नाही. व्हिक्टोरिया मॅकक्लाउड या स्वतः न्यायाधीशपद भूषविलेल्या पारलिंगी बाईंनी परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. त्यांची बाजू मांडली ती सरकारी वकिलांनी आणि 'ॲम्नेस्टी'ने. निकाल बरोबर असूनही ही उणीव आम्हांस खटकते, आणि मॅकक्लाउड बाईंनी नेमक्या याच कारणासाठी स्ट्रासबर्गकडे धाव घेतली याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

होय, निकाल बरोबर आहे असेच आमचे मत आहे. गर्भारपण, बाळंतपण, स्त्रियांचे कैदखाने, आश्रयगृहे, रुग्णालयातील स्वतंत्र दालने यांविषयीची कलमे 'स्त्री' म्हणजे शरीराने स्त्री असा अर्थ धरल्याखेरीज सुसंगत लागत नाहीत. प्रमाणपत्र असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींत भेद करावयाचा, तर ते प्रमाणपत्र मागण्याचीही सोय नाही. मग दाराशी उभ्या असलेल्या परिचारिकेने करावयाचे काय? तथापि दार बंद करण्याचा अधिकार सांगितला की दुसरे दार दाखविण्याचे कर्तव्य येते. एप्रिल २०२५ अखेर समानता आयोगाने तात्पुरता सल्ला दिला त्यात, पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जाता येणार नाही, काही परिस्थितींत पुरुषांच्याही नाही, मात्र त्यांना कोठेच सोय नाही अशी वेळ येता कामा नये, असे सांगितले होते. हे तिसरे दार बांधावयाचे कोणी, कोणाच्या खर्चाने, एका खोलीच्या कचेरीत ते मावणार कोठे, याची चर्चा वृत्तपत्रांनी करावयाची होती. तो विषय रूक्ष आहे, त्यात खलनायक नाही. म्हणून तो आतल्या पानांतही क्वचितच आला.

आणि हा दूरदेशीचा तमाशा आहे असे समजून आपण स्वस्थ बसावे अशी स्थिती नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली, तशीच स्वतःस स्त्री वा पुरुष म्हणवून घेण्याची मुभाही मान्य केली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. या दोन गोष्टींची गाठ जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावी पडली. स्त्रियांच्या राखीव जागेसाठी एका पारलिंगी व्यक्तीने भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला; जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, आपण यापुढे आजन्म स्त्री म्हणूनच राहू आणि सोयीप्रमाणे लिंग बदलणार नाही हे तिचे म्हणणे नोंदवून, तो अर्ज स्वीकारावयास लावला. ती निवडूनही आली. स्कॉटलंडच्या मंडळांवरील जागांचा जो प्रश्न लंडनला एका रीतीने सुटला, तोच भादलीला नेमक्या उलट रीतीने सुटला, आणि गावाने मतपेटीतून त्याला होकार दिला.

त्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या गावातील दुसऱ्या एखाद्या बाईला काय वाटले, हे विचारावयास मात्र कोणी गेल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्हीही गेलो नाही. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या आहेत. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना होऊन त्या प्रत्यक्षात येतील, तेव्हा उमेदवारी अर्जावरील त्या एका रकान्याविषयी भादलीचा प्रश्न प्रत्येक राज्यात विचारला जाईल, आणि तो वार्तांकनासाठी आमच्याच मेजावर येईल.