आधी मजकूर, मग कात्री



श्रावण निम्मा सरला की माझ्याकडे एक मागणी हमखास येते. "ताई, यंदा क्षमावणीची कार्डं शिकवा ना! मागच्या वेळी तुम्ही लग्नपत्रिकांची फुलं केली होती तशी." आमच्या वसईच्या सोसायटीत जैन घरं मोजकीच. त्यात आम्ही कोल्हापूरकडून आलेले मराठी दिगंबर दोन-तीन, बाकी सगळे गुजराती आणि मारवाडी श्वेतांबर. त्यांचा संवत्सरीचा दिवस आधी येतो, आमचं दशलक्षण तेव्हा कुठे सुरू होतं. पण कागद, कात्री आणि खळ यांना पंथ नसतो. दुपारी जेवणं आटोपली की आमच्या हॉलमध्ये सतरंजी पसरते आणि आठ-दहा जणी मांडी घालून बसतात.

यंदा मी शिकवीन, पण एक अट घातली आहे. आधी मजकूर, मग कात्री. कार्डावर काय लिहायचं ते लिहून झाल्याशिवाय एकही कागद कापायचा नाही. काही जणींना हे विचित्र वाटलं. "ताई, मजकूर तर ठरलेलाच असतो की!" असं एक जण म्हणालीसुद्धा. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे, म्हणून हा लेख.

ठरलेला मजकूर आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. जाणते-अजाणतेपणी, मनाने, वचनाने, कायेने काही चुकलं असल्यास उत्तम क्षमा. शब्द सुंदर आहेत, अर्थही खोल आहे. पण तेच वाक्य पन्नास जणांना पाठवलं की त्यात त्या माणसासाठी काय उरतं? आणि "चुकलं असल्यास" म्हणजे काय? चुकलं आहे हे मला पक्कं ठाऊक असताना मी "असल्यास" का लिहिते?

हे मी दुसऱ्या कोणाला सुनावत नाही. मी स्वतः चार वर्षं हेच केलं.

तेव्हा आम्ही नालासोपाऱ्यात तळमजल्यावर एकत्र राहत होतो. मी, माझे यजमान, मुलं, मोठे दीर आणि मोठ्या जाऊबाई. जाऊबाईंना मी ताई म्हणते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं ते तुम्हाला आठवत असेल. गाड्या बंद होत्या, वीज नव्हती. मी माहेरी जयसिंगपूरला होते, घरात ताई आणि मुलं. पाणी उंबरठ्यावरून आत आलं तेव्हा त्यांनी मुलांना वरच्या मजल्यावर नेलं, मग धान्याचे डबे नेले. पलंगाखाली सासूबाईंची ट्रंक होती, ती राहिली. सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ट्रंकेत त्यांची पूजेची वही, पत्रं, वाण्याच्या याद्या, दशलक्षणातल्या उपवासांच्या नोंदी, असं सगळं त्यांच्या हातचं होतं.

मी परत आले. भिजलेल्या कागदांचा लगदा बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुम्हाला धान्याचे डबे दिसले, आईंची ट्रंक नाही दिसली."

त्या काहीच बोलल्या नाहीत. माझी दोन्ही मुलं त्यांनीच कडेवर घेऊन जिना चढवली होती, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळल्यावरही मी गप्प राहिले. दिवाळीनंतर दीर-जाऊ विरारला राहायला गेले. कारण सांगितलं ते नोकरीच्या वेळेचं.

त्यानंतर २०१९ पासून दरवर्षी मी ताईंना कार्ड पाठवत राहिले. आणि काय कार्डं होती ती! एका वर्षी कमळ, एका वर्षी कलश, एका वर्षी जरीच्या काठाची चौकट. फोटो काढून मी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची, त्याखाली टाळ्यांच्या ओळी लागायच्या. आत मात्र तेच, "जाणते-अजाणतेपणी". ताईंकडूनही छापील उत्तर यायचं, "उत्तम क्षमा". चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींना क्षमा पाठवत होतो आणि एकमेकींच्या घरी जात नव्हतो.

आता विचार करते तेव्हा जाणवतं की कार्ड जितकं देखणं, तितकी माझी पळवाट सोपी होती. दोन दिवस खपून कमळ केलं की मनाला वाटायचं, मी माझ्या बाजूने पुष्कळ केलं. दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, दुसरा मार्दवाचा, तिसरा आर्जवाचा. मार्दव म्हणजे मानाचा त्याग, आर्जव म्हणजे सरळपणा. माझ्या कार्डात कौतुकाची हाव होती आणि सरळ वाक्य एकही नव्हतं.

याचा अर्थ सजावट वाईट असा मुळीच नाही. क्षमा मागणारा कागद सजवणं ही आपल्या परंपरेतलीच गोष्ट आहे. श्वेतांबर संघांमध्ये विज्ञप्तिपत्रं लिहायची पद्धत होती. पर्युषणानंतर गावचा संघ दूरच्या आचार्यांना लांबलचक गुंडाळी पाठवायचा. त्यात अष्टमंगल, तीर्थंकरांच्या मातेची स्वप्नं, गावचा बाजार, मंदिरं, मिरवणुका असं सगळं रंगवलेलं असे. सोबत मजकुरात संघाची क्षमायाचना आणि पुढच्या चातुर्मासासाठी विनंती. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेलं विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. शालिवाहन नावाच्या चित्रकाराने ते रंगवलं. पर्युषणात प्राणिहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. पण त्या चित्रांमध्ये पाठवणाऱ्यांचं स्वतःचं गाव आहे, स्वतःची माणसं आहेत. ते पत्र दुसऱ्या कोणत्याही गावाच्या नावाने पाठवता आलं नसतं. माझं कमळाचं कार्ड मात्र कोणालाही चाललं असतं.

कागदावर कापड, मणी, जर चिकटवण्याला आज मुली "मिक्स्ड मीडिया" म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी ते नाव न घेताच केलं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या देवादिकांच्या तसबिरी घरोघरी पोचल्या. कितीतरी घरांत बायकांनी त्या तसबिरींतल्या देवींना खऱ्या कापडाची साडी नेसवली, जर आणि टिकल्या लावल्या, मणी शिवले. एकाच छापाची हजार चित्रं, पण एका घरातली लक्ष्मी दुसऱ्या घरातल्या लक्ष्मीसारखी राहिली नाही. छापील गोष्ट आपली करून घेणं हेच तर या कलेचं काम! मग आपण चित्र आपलं करतो आणि शब्द तेवढे छापील ठेवतो, हे उलटंच नाही का?

आता थोडं सामानाबद्दल, कारण जैन घरात या कलेचे काही प्रश्न खरोखरच निराळे आहेत.

पहिला प्रश्न खरेदीचा. "टाकाऊतून टिकाऊ" म्हणत मी एकेकाळी कपाटभर सामान विकत आणलं होतं. रंगीत कागदांचे गठ्ठे, स्टिकर, नक्षीचे पंच. दशलक्षणाच्या नवव्या दिवशी आकिंचन्यावरचं प्रवचन ऐकून घरी आले, कपाट उघडलं आणि मला लाज वाटली. तेव्हापासून नियम केला की कागद घरात आपणहून आलेला असेल तोच. लग्नपत्रिका, कॅलेंडरची उलटून गेलेली पानं, चहाचे आणि उदबत्तीचे खोके. आणि कार्डं पाचच. पाचाचं परिमाण.

दुसरा प्रश्न हिंसेचा. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतो, तो नको. रेशमी काठ नको, सुती चालतो. रंगाचे ब्रश घेताना विचारून घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्या कायद्याने बंद आहेत, तरी ते विकले जात होते. २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने त्याविरुद्ध देशभर मोहीम घेतली. कृत्रिम केसांचा ब्रश आपल्या कामाला पुरेसा आहे. चमकी बहुतेक प्लास्टिकचीच असते. हात धुतले की ती गटारात आणि तिथून खाडीत. युरोपियन युनियनने अशी सुटी चमकी विकायला २०२३ पासून बंदी घातली. आपण सरकारची वाट कशाला बघायची?

तिसरा प्रश्न खळीचा. मैद्याची खळ मी रोजची रोज लागेल तेवढीच शिजवते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात शिळी खळ आंबते, तिच्यात जीव होतात. बांधणीवाले खळ टिकावी, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. आपण तेही नको आणि शिळी खळही नको. कार्ड पंख्याखाली नीट सुकवलं की बुरशी धरत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जिनवाणीचं एकही अक्षर, तीर्थंकरांची एकही प्रतिमा कात्रीखाली घालायची नाही. पत्रिकेवर णमोकार मंत्र किंवा प्रतिमा असेल तर ती पत्रिका मी पूर्णच बाजूला ठेवते आणि मंदिरात नेऊन देते. खरं सांगायचं तर पत्रिकांवर प्रतिमा छापूच नये असं माझं मत आहे. कार्यक्रम झाला की त्या पत्रिकेचं काय होतं, ते आपण सगळेच बघतो.

माझ्या अटीवर मैत्रिणींनी दोन आक्षेप घेतले. एक, वेळ कुठे आहे? पहाटेची गाडी पकडून चर्चगेटला जाणाऱ्या बाईने कार्डं लिहीत बसायचं का? माझं उत्तर असं की सजावट सोडा, मजकूर लिहा. चार ओळींना दहा मिनिटं लागतात. नुसतं साधं पोस्टकार्डही चालेल.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा होता. क्षमा मनातून मागितली की झालं, नेमकी चूक लिहून जखम उकरायची कशाला? यात तथ्य आहे. काही गोष्टी कागदावर येऊ नयेत. तिसऱ्याच्या हाती पडल्या तर ज्याची क्षमा मागायची त्याचीच मानहानी होईल. तिथे स्वतः जाऊन बोलावं. पण एरवी आपली आलोचना काय शिकवते? दोष गोलमाल नाही, नाव घेऊन सांगायचा. गुरूंपुढे "काही चुकलं असल्यास" चालत नाही, मग जावेपुढे का चालावं?

२०२३ च्या दशलक्षणात मी पहिल्यांदा कात्री न घेता बसले. एका जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं, "ताई, पाण्याच्या वेळी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही माझी मुलं वाचवली आणि मी ट्रंकेचा हिशेब मागितला. ते वाक्य मला रोज आठवतं. माझी चूक झाली. क्षमा करा." एवढ्या चार-पाच ओळींना मला पूर्ण दुपार लागली. कमळाला कधी इतका वेळ लागला नव्हता.

लिहून झाल्यावर सजवायला फक्त खालची पट्टी उरली. ट्रंकेतली पूजेची वही सुकवून आम्ही मंदिरात दिली होती, पण वाण्याच्या काही याद्या माझ्याकडे होत्या. पाण्याने पिवळट तपकिरी झालेल्या, कडा सुरकुतलेल्या. त्यातली एक मी फाडली. कापावीशी वाटली नाही. सासूबाईंच्या अक्षरात "गूळ, शेंगदाणे, तांदूळ" एवढं दिसेल अशी पट्टी त्या ओळींखाली लावली. यादी धान्याचीच होती. ताईंनी वाचवलेल्या डब्यांत भरायच्या धान्याची. चमकी नाही, जर नाही. फोटोही काढला नाही.

आठवड्याने ताईंचा फोन आला. कार्डाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, आईंच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू व्हायचे, त्यात गूळ किती घालायच्या ग? माझे फुटतात." मी म्हटलं, "मलाही नीट आठवत नाही ताई. रविवारी येते, दोघी मिळून करून बघू."

तेव्हा यंदा सतरंजीवर बसताना कात्री मी माझ्या मांडीखाली ठेवणार आहे. आधी प्रत्येकीने एक नाव मनात आणायचं, ज्याला कार्ड पाठवणं सगळ्यांत अवघड आहे असं. मग लिहायचं. कात्री त्यानंतर मागा, मी देईन.

उत्तम क्षमा.