उभ्याने पाहण्याची मुभा

फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर गोल होताच प्रेक्षक आसन विसरून उभा राहतो. त्यास सक्तीने बसविणे कितपत इष्ट?

१९८९ साली इंग्लंडात हिल्सबरो येथे चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ जीव गेले. त्यानंतर तेथील वरच्या श्रेणींत उभ्याने सामना पाहणे बंद झाले. परंतु २०१६ च्या न्यायचौकशीत ठपका आला तो पोलिसांच्या गैरव्यवस्थेवर, प्रेक्षकांवर नव्हे. २०२२ पासून आसनांपुढे मजबूत कठडे बसवून ही मुभा पुन्हा मिळाली.

शासनाने येथेही एक भाग तसाच राखावा. तिकिटे मात्र आसनांइतकीच विकावीत. मागच्या वृद्धांची व मुलांची दृष्टी अडू नये, हे पथ्य पाळलेच पाहिजे. घातक ठरते ती बेहिशेबी गर्दी. उभा प्रेक्षक नव्हे.