आधी नेम, मग फोटो!

अक्कलकोटला तुम्ही एकदा तरी गेलाच असाल. वटवृक्षाखाली स्वामींचं दर्शन, अन्नछत्रातला महाप्रसाद आणि मग परतीची एसटी. वेळ उरलाच तर नव्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय. संस्थानच्या काळातल्या तलवारी, भाले, बंदुका बघताना ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, ‘भावा, ही एकदा हातात मिळायला पाहिजे यार!’

इच्छा वाईट नाही. पण खरं सांगा, हातात मिळाली तर तुम्ही आधी काय कराल? नेम धराल की फोटो काढाल?

त्या जुन्या बंदुकांची गंमत आधी समजून घ्या. त्या चालायच्या काळ्या दारूवर. म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ही दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन उरतो. नळी आतून चिकट होते आणि पुढची गोळी आधीच्या गोळीसारखी जातच नाही. आधी सगळं ठासणीचं काम होतं. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची. १८७० च्या आसपास धातूच्या काडतुसाच्या, मागून भरायच्या लांब पल्ल्याच्या रायफली पुढे आल्या. दारू तीच, काळी. भरायला सोपी, झटपट. मग वाद सुरू झाला. नवी भारी की जुनी?

फैसला झाला २६ सप्टेंबर १८७४ ला, न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर. आयर्लंडची टीम ठासणीच्या रायफली घेऊन आली, तर अमेरिकेची टीम नव्या काडतुसाच्या. ८००, ९०० आणि १००० यार्ड. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर! गोळीला तिथं पोचायला जवळपास तीन सेकंद लागतात. तेवढ्यात हलका वारासुद्धा तिला काही फूट बाजूला ढकलतो. निकाल लागला : अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

म्हणजे नवी रायफल जिंकली? थांबा. आयर्लंडच्या मिल्नरची एक गोळी अगदी मधोमध लागली होती. फक्त शेजारच्याच्या टार्गेटवर! त्या गोळीचे चार गुण मिळाले नाहीत, नाहीतर आयर्लंड एका गुणानं जिंकलं असतं. तिकडे अमेरिकेच्या बोडाइनचा हात शेवटच्या गोळीआधी फुटलेल्या बाटलीनं कापला होता. त्यानं त्याच रक्ताळलेल्या हातानं नेम साधला. सामन्याचा निकाल रायफलीनं कमी आणि माणसाच्या लक्षानं जास्त ठरवला.

नवी रायफल तपासायची पद्धतही हेच सांगते. काळ्या दारूची काडतुसी रायफल आजही जगात हौसेनं चालवतात. ती हातात आली की कुणी लगेच १००० यार्डांवर जात नाही. आधी जवळच्या अंतरावर, टेकू देऊन, एकसारख्या मापाची काडतुसं झाडायची. गोळ्या एकाच ठिकाणी जातायत का, ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : दारूचं माप, नाहीतर गोळी, नाहीतर साईटची उंची. काजळी बसू नये म्हणून दोन गोळ्यांमध्ये नळी पुसायची. आणि प्रत्येक गोळीची वहीत नोंद, वाऱ्यासकट. दिवसभरात चाप ओढायचा मोजक्याच वेळा. बाकी सगळा वेळ मोजणं, पुसणं, लिहिणं. बोअरिंग वाटतंय ना? नेम यातूनच तयार होतो.

आता आपल्या इन्स्टावर या. वाढदिवसाला तलवारीनं केक, स्टोरीला कोयता, कुणाच्या तरी काकांचं पिस्तूल कमरेला लावून ‘भाई’वालं गाणं. यात टार्गेट कुठाय? नेम कुठाय? वही कुठाय? हातातल्या लोखंडानं आपण मोठे दिसू, एवढाच हिशेब. खरं तर अशा फोटोत शस्त्र मोठं दिसतं आणि माणूस लहान.

आणि हा फोटो महाग पडतो. आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. आपल्या भागात गावागावांत पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी पोरं आहेत. दोन-तीन वर्षांचा तो घाम एका रीलपायी घालवायचा? लग्नाच्या वरातीत बेदरकारपणे हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच. कुणाच्या अंगणात येईल, ते तुमच्या हातात नसतं.

‘मग आम्ही बंदुकीचं नावच काढायचं नाही का?’ उलट, काढा! कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. तिथं पॉइंट टू-टू रायफल हातात येते, आणि त्याआधी नियम येतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कुणाकडेही वळवायची नाही, नेम धरल्याशिवाय बोट चापावर नाही. एनसीसी नसेल तर शहरातल्या क्लबात दहा मीटरची एअर रायफल शिका.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, ४५१.४ गुणांनी. फायनलमध्ये सुरुवातीला तो मागे होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. श्वास सांभाळला आणि पुढची गोळी नीट मारली. त्याचाही रायफलीसोबत फोटो आहे. पण तो फोटो पदकाच्या मागून आला.

पुढच्या वेळी अक्कलकोटला गेलात तर त्या बंदुकांसमोर दोन मिनिटं जास्त थांबा. ही चालवायला काय काय यावं लागत असेल, याचा विचार करा. आणि स्वतःला एकच विचारा, माझं टार्गेट कुठलं? मिल्नरचा नेम पक्का होता राव, फक्त टार्गेट दुसऱ्याचं होतं.