आधी काटा पाहा, मग गिअरबॉक्स उघडा



जुनी ऑटोमॅटिक गाडी मध्येच ओढेनाशी झाली म्हणजे गिअरबॉक्स गेला, ती विकून मोकळे व्हा, हा गेल्या अंकातील सल्ला मला मुळीच पटला नाही. अशाने चांगल्या गाड्या भंगारात जातात.

ओढ जाते त्याच क्षणी शेजारी बसलेल्याला आरपीएमचा काटा पाहायला सांगावे. काटा चढतो, इंजिन ओरडते, पण गाडी वेग घेत नाही, तर गिअरबॉक्स घसरतो आहे. तेव्हाही आधी त्याच्या तेलाची पातळी पाहावी. तेल काळपट असेल, जळका वास येत असेल, तर मात्र आतले क्लच झिजलेले असतात. काटाच खाली आला तर गिअरबॉक्सला हात लावू नये. दोष बहुधा इंजिनाकडे असतो. तो शून्यावर आदळून इंजिन बंद पडले आणि थंड झाल्यावर निमूट सुरू झाले, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. चढणीला हळूहळू दम जात असेल तर फ्युएल पंप वा चोंदलेला फिल्टर. त्यासाठी पेट्रोलचा दाब गाडी चालवत, भार पडलेला असताना मोजायला हवा. गॅरेजात उभ्या गाडीवर तो बरोबर भरू शकतो.

आणि कळकळीची विनंती: स्कॅनर लावण्याआधी बॅटरीची वायर काढू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत साठलेले फॉल्ट कोड त्यानेच पुसले जातात.

– एक वाचक, कराड