बियाणे उगवले नाही, निकालही उगवत नाही



मृगात सरकी टोबली, उगवली नाही. दुबार पेरणीची वेळही गेली. कृषी केंद्राचे बिल, रिकामी पिशवी आणि तालुका समितीचा पंचनामा घेऊन आपला माणूस जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाची पायरी चढतो. तिथे मिळते काय? पुढची तारीख. दर तारखेला एका दिवसाचे काम बुडते, एसटीचे भाडे जाते, निंदण तसेच राहते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून ३ महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर ५ महिन्यांत, निकाल देण्याचा 'प्रयत्न करावा'. प्रयत्न! सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर हा शब्द कुणी पाहिला आहे काय?

उशिराने कुणाचे भले होते ते पाहा. आंध्रातल्या शेतकऱ्यांविरुद्ध सरकारी राष्ट्रीय बीज निगम पायऱ्या चढत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणणे काय, तर शेतकरी ग्राहकच नव्हे आणि बियाणे प्रयोगशाळेत तपासलेले नाही. २०१२ साली न्यायालयाने दोन्ही फेटाळले. सगळे बियाणे मातीत टाकणाऱ्याने तपासणीसाठी त्यातले राखून ठेवावे, ही अपेक्षाच धरता येत नाही. हे कळायला सर्वोच्च न्यायालय लागावे! पेरणारे पोर सांगेल.

आयोगात माणसे कमी, असे सांगतात. खरे आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या रिकाम्या जागांची स्वतःहून दखल घेतली. पण जागा भरायच्या कुणी? सरकारने. त्याची शिक्षा शेतकऱ्याला का?

आणि जे हातात आहे ते तरी वापरा. कंपनीला लेखी जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असे घटनापीठाने २०२० साली ठरवले आहे. ४६व्या दिवशी उभे राहून सांगा, जबाब घेऊ नका, केस पुढे चालवा. तहकुबी द्यायची तर कारण लेखी नोंदवावे लागते, तहकुबीचा खर्चही देववता येतो. तो दर वेळी मागा. आपला वकील लाजत असेल तर आपण मागा.

सरकारकडे मागणी एकच: 'प्रयत्न करावा' खोडा, 'निकाल द्यावाच' लिहा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या केसच्या रोजनाम्याची नक्कल आणावी. कोणती तारीख कुणाच्या अर्जावरून पडली, ते तिथेच मोजू आणि तो हिशोब घेऊन आयोगाच्या दारात जाऊ.