एसीचा गॅस महागला म्हणजे नेमके काय झाले, आणि बिल कुठे वाढते

उन्हाळ्यात एसी थंड करेनासा झाला की मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो आणि सांगतो, "गॅस संपलाय. बाजारात माल नाही, भाव वाढलेत." यातला भाववाढीचा भाग बऱ्याचदा खरा असतो. गॅस "संपला" हा भाग मात्र नीट समजून घ्यायला हवा. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांमधून फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो आणि परत येतो. नळ्या शाबूत असतील तर दहा वर्षांनंतरही आत कारखान्यात भरलेलाच गॅस असतो. तो कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की गॅसचा भाव आपल्या हातात नाही. गळती शोधून बंद करून घेणे मात्र आपल्या हातात आहे. भाव वाढलेला असताना गळतीवर काहीच न करता गॅस भरून घेतला, तर महागडा माल दोन-तीन महिन्यांत पुन्हा हवेत जातो आणि तेच बिल पुन्हा येते.

कोणता गॅस कमी पडतो आहे?

भारतातल्या घरांमधल्या एसींत मुख्यतः तीन गॅस आढळतात: आर-२२, आर-४१०ए आणि आर-३२. काही थोड्या मॉडेलांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन, असतो. तुमच्या एसीत कोणता आहे ते बाहेरच्या युनिटवरच्या लेबलवर लिहिलेले असते, आणि किती किलो किंवा ग्रॅम भरायचा हेही तिथेच असते. मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी या लेबलचा फोटो काढून ठेवावा.

तिघांची स्थिती वेगवेगळी आहे. आर-२२ हा जुन्या विंडो आणि स्प्लिट एसींमधला गॅस. तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. विकसनशील देशांसाठी ठरलेल्या वेळापत्रकानुसार, २००९ आणि २०१० या वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत या गटातल्या गॅसचा वापर २०२० मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ६७.५ टक्के कमी करायचा होता. २०३० पासून फक्त दुरुस्तीपुरता अगदी थोडा वाटा उरेल. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवी उपकरणे बनवताना हा गॅस वापरता येत नाही.

म्हणजे आर-२२ चा तुटवडा हा एखाद्या मोसमाचा नाही. तो कायद्याने ठरलेला आहे आणि पुढे वाढतच जाणार आहे. मात्र जुना एसी वापरण्यावर किंवा दुरुस्त करून घेण्यावर बंदी नाही. "तुमच्या गॅसवर सरकारने बंदी घातली, आता नवाच घ्या" असे कोणी सांगितले तर ते अर्धसत्य आहे. दुरुस्तीसाठी आर-२२ आजही कायदेशीरपणे मिळतो, फक्त महाग पडतो.

आर-३२ ची गोष्ट निराळी. आज विकले जाणारे बहुतेक नवे एसी याच गॅसवर चालतात आणि तो भारतात बनतोही. पण त्यासाठी फ्लोरस्पार नावाचे खनिज लागते. त्याचे साठे आपल्याकडे फार थोडे आहेत आणि जगातले सर्वात मोठे उत्पादन चीनमध्ये होते. चीनने २०२४ पासून या गटातल्या गॅसच्या उत्पादनावर कोटा लावला आणि आर-३२ चे भाव चढले. दुसरीकडे, स्वस्त चिनी मालापासून इथल्या कारखान्यांना संरक्षण म्हणून भारताने डिसेंबर २०२१ मध्ये आर-३२ वर पाच वर्षांसाठी अँटी-डंपिंग शुल्क लावले होते. त्यातच ऑक्टोबर २०२० पासून गॅस भरलेले एसी परदेशातून आणायला मनाई आहे. त्यामुळे नव्या एसीत गॅस इथेच भरला जातो, आणि एप्रिल-मे महिन्यांत कारखाने व दुरुस्ती दुकाने दोघांनाही तो एकाच वेळी हवा असतो. त्या दिवसांत भाव चढणे स्वाभाविक आहे. पण भारतात आर-३२ वर अजून कपातीचे बंधन आलेले नाही. किगाली दुरुस्तीनुसार, जी भारताने २०२१ मध्ये स्वीकारली, आपल्याकडे या गटाचा वापर २०२८ मध्ये गोठेल आणि पहिली १० टक्के कपात २०३२ मध्ये होईल. आर-४१०ए मध्ये निम्मा आर-३२ च असतो, त्यामुळे त्याचा भाव आर-३२ च्या मागोमाग हलतो.

अमेरिकेत २०२५ च्या उन्हाळ्यात एसीच्या गॅसची मोठी टंचाई झाली होती. त्याच्या बातम्या आपल्याकडेही फिरल्या. ती टंचाई आर-४५४बी या वेगळ्या गॅसची होती. तिथे नव्या एसींसाठी नियम बदलला आणि सगळ्यांना एकदम तोच गॅस हवा झाला, शिवाय तो भरायचे सिलिंडरही कमी पडले. आपल्या घरांतले एसी त्या गॅसवर चालत नाहीत. त्या बातम्या दाखवून कोणी भाव सांगत असेल तर त्याला आपल्या लेबलचा फोटो दाखवावा.

बिल कुठे वाढते?

गॅसच्या भावापेक्षा बिल जास्त वाढते ते वजन न केल्यामुळे. समजा, लेबलवर ८०० ग्रॅम लिहिले आहे आणि निम्मा गॅस गळाला आहे. मेकॅनिकने वरून ३००-४०० ग्रॅम सोडला आणि पैसे "फुल गॅस"चे घेतले. सिलिंडर वजनकाट्यावर नसेल तर हे आपल्याला कधीच कळत नाही. माल स्वस्त असताना हा फरक लोक सोडून देत. आता तो सोडण्यासारखा राहिलेला नाही. सिलिंडर काट्यावर ठेवा, आधीचे आणि नंतरचे वजन बिलावर लिहा, एवढे म्हणायला संकोच करू नये. चांगले मेकॅनिक काटा बाळगतातच.

योग्य दुरुस्तीचा क्रम असा असतो: उरलेला गॅस काढून घेणे, नळीत नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे, ती जागा झाळून बंद करणे, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा व ओल काढणे, आणि मग लेबलवरच्या वजनाइतका गॅस भरणे. याला दीड-दोन तास सहज लागतात. वीस मिनिटांत गॅस भरून निघालेल्या माणसाने यातले बहुतेक काम वगळलेले असते. मजुरी थोडी जास्त घेऊन हे सगळे करणारा मेकॅनिक शेवटी स्वस्त पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबई, गोवा, चेन्नई, विशाखापट्टणम अशा किनाऱ्यावरच्या शहरांत खाऱ्या हवेने आणि उघड्या नाल्यांजवळच्या वस्त्यांत तिथल्या वायूंनी कॉइल कुरतडली जाते. एक सांधा गळत असेल तर झाळून भागते. पूर्ण कॉइलच सडली असेल तर आर-२२ सारखा महाग गॅस तिच्यात ओतत राहण्यात अर्थ नाही. तिथे कॉइल बदलायची की एसीच, याचा हिशेब करावा.

वॉरंटीतही एक खाच असते. "कॉम्प्रेसरवर दहा वर्षे" असे लिहिलेले असले तरी अनेकदा त्यात गॅस आणि मजुरी धरलेली नसते. कॉम्प्रेसर फुकट मिळतो, पण तो बदलताना पूर्ण गॅस नव्याने भरावा लागतो आणि त्याचे पैसे आपले जातात. वार्षिक देखभालीचा करार करतानाही "गॅससह की गॅसशिवाय" हे लेखी घ्यावे.

आणखी एक बारीक गोष्ट. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. नोंदणी नसलेल्या मेकॅनिकला जीएसटी आकारता येत नाही.

स्वस्त पर्यायातला धोका

टंचाईत "दुसरा गॅस चालतो" असे सांगणारे भेटतात. चालत नाही. आर-३२ आणि आर-४१०ए यांचा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त असतो. आर-२२ साठी बनवलेल्या कॉम्प्रेसरला आणि नळ्यांना तो झेपत नाही. आर-३२ काही प्रमाणात पेट घेऊ शकतो, प्रोपेन तर सहज पेटतो. प्रोपेनचे एसी त्याच हिशेबाने बनवलेले असतात. साध्या एसीत कोणी एलपीजीसारखा गॅस भरून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणावे. पैसे वाचवण्याच्या नादात घरात पेटता गॅस कोंडून ठेवण्यासारखे ते आहे. तसेच, गळती शोधण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर लावू देऊ नये. कॉम्प्रेसरमधले तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. यात सर्वात आधी जखमी होतो तो मेकॅनिकच.

सरकारकडून काय मिळते, काय मिळत नाही

एसी विकत घेण्यासाठी किंवा गॅस भरण्यासाठी केंद्राची अनुदान योजना नाही. २०२५ मध्ये "पीएम मोदी एसी योजना" नावाने मोफत फाइव्ह स्टार एसीचा संदेश फिरला होता. पीआयबीच्या तथ्य-तपासणी विभागाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. अशा संदेशातल्या लिंकवर आधार किंवा बँकेचा तपशील भरू नये. नव्या एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, एवढा फायदा मात्र प्रत्येक ग्राहकाला मिळतो.

जे वाचक स्वतः हे काम करतात, किंवा ज्यांच्या घरातला मुलगा-मुलगी एसीच्या दुकानात हाताखाली काम करते, त्यांच्यासाठी खरी संधी प्रशिक्षणात आहे. मार्च २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. पर्यावरण मंत्रालय आणि कौशल्य विकास योजनेतून ही शिबिरे मोफत घेतली गेली. वर्षानुवर्षे काम करून शिकलेल्यांना प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याची तपासणी करून प्रमाणपत्र मिळण्याचीही सोय आहे. चालू तुकड्यांची माहिती स्किल इंडिया डिजिटल हबवर पाहावी. गॅस महाग झाला की तो वाया न घालवता काढून घेऊ शकणाऱ्या माणसाची किंमत वाढते, हे या टंचाईचे एक बरे अंग म्हणायचे.

जुना एसी काढताना तोच मुद्दा येतो. भंगारवाला नळी कापतो आणि उरलेला गॅस हवेत जातो. ई-कचरा नियमांत एसी येतो आणि जुना माल गोळा करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे नवा घेताना कंपनीकडे किंवा दुकानाकडे जुना परत घेण्याबाबत विचारावे.

काम बिघडले, गॅस भरून महिनाभरातच गेला आणि मेकॅनिक किंवा सेवा केंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीसह १७ भाषांत तक्रार नोंदवता येते. तरीही तोडगा निघाला नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. मात्र सोबत पक्की पावती हवी आणि तिच्यावर गॅसचे नाव, भरलेले ग्रॅम, गळती कुठे सापडली आणि कामावर किती दिवसांची हमी दिली, हे चारही लिहिलेले हवे. "गॅस चार्जिंग" एवढेच लिहिलेल्या बिलावर बाजू मांडणे अवघड जाते.