सरांनी कधी शाबास म्हटले नाही

सोलापुरात आमच्या कॉलेजचे क्रिकेटचे सर वारले, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. ‘सरांचा एकही मुलगा रणजीपर्यंत पोचला नाही, चार ओळी आल्या हेच पुष्कळ,’ असे स्मशानातून परतताना कुणीसे म्हणाले. बोलणारा माणूस वाईट नव्हता. प्रशिक्षकाचे मोठेपण शिष्यांच्या धावांत मोजायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

हा हिशेब रमाकांत आचरेकरांना लावला तर ते हिमालयाएवढे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर. यादी करता करता दम लागावा. २ जानेवारी २०१९ रोजी आचरेकर गेले, सचिनने त्यांना खांदा दिला, आणि लगेच वाद सुरू झाला तो शासकीय इतमाम का दिला नाही याचा. पद्मश्री मिळालेल्या माणसाला तो द्यायला हवा होता, यात शंका नाही. पण बंदुकांच्या सलामीने फिटावे असे ते ऋण होते काय?

आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेकडून, मोईनउद्दौला स्पर्धेत. म्हणजे धावांच्या हिशेबात त्यांच्याही वाट्याला चार ओळीच आल्या असत्या! त्यांनी केले काय, तर शिवाजी पार्कवर वर्षानुवर्षे रोज उभे राहिले. सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेले. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. बाद करील त्याचे, आणि कुणीच बाद करू शकले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. आणि कौतुक? २०१३ साली वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सर त्याला कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. पोरगा हुरळून जाईल ही धास्ती! आजच्या पालकांना हे पटणार नाही. मलाही ते पूर्णपणे पटते असे नाही.

कारण दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या ज्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, त्यात कांबळीच्या ३४९ होत्या आणि सचिनच्या ३२६. सर तेच, मैदान तेच. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतके ठोकली. १९९५ नंतर तो कसोटी खेळला नाही. सतरा कसोटी, सरासरी चोपन्नच्या वर. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा थकलेला कांबळी सचिनचा हात सोडायला तयार नव्हता. हे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांनी सांगावे: एकाचे श्रेय सरांना द्यायचे, तर दुसऱ्याचे अपश्रेयही द्यायचे का? मला वाटते, दोन्ही देऊ नये. प्रशिक्षक क्रीजपर्यंत पोचवतो. पुढचे आयुष्य त्याच्या हातात नसते.

पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या आणि आपल्या मध्ये कितीतरी पोरे पार्क मैदानावर घाम गाळून गेली. कुणी एस.टी.त लागले, कुणी चादरीच्या कारखान्यात, कुणी मास्तर झाले. आमचे सर या सगळ्यांचे. शहरात गिरण्यांचे भोंगे वाजत त्या काळात ते पहाटे सायकलवरून येत आणि मॅटिंग स्वतः अंथरून, उकिडवे बसून एकेक खिळा ठोकत. मदतीला गेलो तर म्हणत, ‘तू पळायला जा.’ संघातून वगळलेल्या पोरालाही दुसऱ्या दिवशी नेटमध्ये तेवढेच चेंडू मिळत. हे कुठल्या धावफलकावर लिहायचे?

गेलेल्या सरांची जागा भरली जाते का, हे ज्याने त्याने आपापल्या कॉलेजात जाऊन पाहावे. मी पाहून आलो. मॅटिंगची गुंडाळी जिन्याखाली धूळ खात पडली आहे. खिळ्यांचा डबा सरांच्या मुलाने घरून परत आणून दिला होता. शिपायाने तो विचारले, ‘साहेब, हा कुणाच्या नावावर जमा करू?’